कंदाच्या मुलखातला पाऊस

दादरच्या फुलबाजारात किंवा पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात ग्लॅडिओलसच्या जुड्या उतरतात, तेव्हा त्या रंगानेच ओळखू येतात. लाल, गुलाबी, पिवळे, जांभळे दांडे वर्तमानपत्रात गुंडाळून ओळीने रचलेले असतात. शेजारी निशिगंधाचा ढीग पडलेला असेल तर तो दहा पावलांवरून वासाने कळतो. ग्लॅडिओलसचे फूल मात्र नाकाशी धरले तरी देठाच्या हिरव्या ओलसर वासापलीकडे काही हाती लागत नाही. त्यामुळे या फुलाला वास नसतोच, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. बाजारातल्या फुलापुरता तो खरा आहे. ग्लॅडिओलसच्या कुळापुरता मात्र तो साफ चुकीचा आहे.

जगात ग्लॅडिओलसच्या अडीचशेहून अधिक रानटी जाती आहेत. त्यांतल्या बहुसंख्य आफ्रिकेतल्या, थोड्या भूमध्य समुद्राभोवतालच्या आणि पश्चिम आशियातल्या. या रानटी जातींपैकी कितीतरी सुवासिक आहेत. काहींचा वास दिवसभर येतो, काहींचा फक्त अंधार पडल्यावर. बागेत लावायला सर्वांत सोपी, कंद स्वस्तात मिळणारी आणि ऐन उन्हाळ्याच्या शेवटी फुलणारी त्यांतली जात म्हणजे ग्लॅडिओलस म्युरिएली. युरोप-अमेरिकेतल्या रोपवाटिकांत ती अजूनही ‘असिडँथेरा’ या जुन्या नावाने विकली जाते. लोकांमध्ये तिला अ‍ॅबिसिनियन ग्लॅडिओलस म्हणतात. अ‍ॅबिसिनिया म्हणजे आजचा इथियोपिया. जुन्या मराठी कागदपत्रांतला हबसाण. जंजिऱ्याच्या सिद्दींचे मूळ जिथे सांगितले जाते, तोच हा मुलूख.

हे झाड दिसायला अगदी साधे असते. तलवारीसारखी उभी पाने, त्यांच्या मधून वर येणारा मीटरभर उंचीचा बारीक दांडा. कळ्या खालून वर एकामागून एक उमलतात. फूल पांढरेशुभ्र, सहा टोकदार पाकळ्यांचे, किंचित मान खाली घातलेले. घशाशी गडद जांभळट तपकिरी डाग असतो. खरी नवलाची गोष्ट मात्र फुलाच्या मागे आहे. पाकळ्या जिथे संपतात तिथून एक हिरवट पांढरी नळी निघते आणि हलकेच वाक घेत दांड्यापर्यंत जाते. ही नळी बारा ते पंधरा सेंटिमीटर लांब असते. दोन बोटांत धरून पाहिली तर ती इतकी नाजूक लागते की या टोकाला एवढे मोठे फूल तोललेले राहते कसे, हा प्रश्न पडावा. मध आहे तो या नळीच्या तळाशी.

दुपारी या फुलाला मंद वास असतो. संध्याकाळी पाच-सहानंतर तो वाढत जातो आणि दिवेलागणीनंतर चांगला दाट होतो. वासाचा हा हिशेब एका विशिष्ट पाहुण्यासाठी आहे. पांढरा रंग, अंधारात दरवळणारा वास, लांब अरुंद नळी आणि तळाशी भरपूर मध ही चारही लक्षणे जिथे एकत्र येतात, तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ हॉकमॉथ पतंगांचा शोध घेतात. हे पतंग फुलावर बसत नाहीत. हवेत जागच्या जागी पंख फडफडवत तरंगतात आणि गुंडाळलेली सोंड उलगडून नळीत घालतात. त्यांतला एक, शास्त्रीय नाव अ‍ॅग्रिअस कॉन्व्हॉल्वुली, आफ्रिकेपासून भारतापर्यंत सर्वत्र आढळतो. करडे पंख, पोटावर गुलाबी-काळे पट्टे आणि शरीराहून लांब सोंड ही त्याची ओळख. महाराष्ट्रातही तो आहे. त्याची अळी रताळ्याच्या वेलावर पोसते. रताळी लावणाऱ्या अनेकांनी ती शेपटावर शिंग असलेली जाडजूड अळी पाहिलेली असते. तिचे पुढे काय होते याची मात्र फारशी विचारपूस होत नाही.

नळी एवढी लांब का, याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासातून मिळते. रॉनी अलेक्झांडरसन आणि स्टीव्हन जॉन्सन या संशोधकांनी म्युरिएलीचे भावंड शोभेल अशी दुसरी जात, ग्लॅडिओलस लाँगिकॉलिस, अभ्यासासाठी निवडली. तीही रात्री दरवळते आणि तिचेही परागीभवन हाच पतंग करतो. तिच्या फुलांची नळी जागोजागी कमी-अधिक लांबीची असते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, ज्या फुलांची नळी लांब त्यांना फळधारणा अधिक होती. कारण समजायला अवघड नाही. नळी आखूड असली तर पतंग लांबूनच सोंड घालून मध पिऊन जातो. परागकोशाला, कुक्षीला त्याचा स्पर्शही होत नाही. नळी सोंडेइतकी किंवा तिच्याहून थोडी लांब असली तर त्याला डोके फुलात खुपसावेच लागते, आणि तेव्हाच पराग इकडून तिकडे जातात. पिढ्यान्‌पिढ्या आखूड नळीची झाडे बी धरण्यात मागे पडत गेली आणि नळी वाढत गेली. बागेत हे फूल हुंगणाऱ्या माणसाला मिळतो तो वास त्या व्यवहारातला. माणूस तिथे उगाच मध्ये उभा असतो, पण त्याला कोणी अडवतही नाही.

या झाडाची शास्त्रीय नोंद कशी झाली, तेही सांगण्यासारखे आहे. विल्हेल्म शिंपर नावाचा जर्मन वनस्पतिसंग्राहक १८३७ मध्ये अ‍ॅबिसिनियात गेला आणि तिथलाच झाला. त्याने तिथे लग्न केले, काही काळ एका जिल्ह्याचा कारभारही पाहिला आणि १८७८ मध्ये अडवा गावी त्याचा मृत्यू झाला. चार दशके तो डोंगरकड्यांवरून झाडे गोळा करून, वाळवून युरोपात पाठवत राहिला. जर्मनीत एस्लिंगेन इथे होख्श्टेटर आणि श्टॉयडेल या दोघांनी एक मंडळ चालवले होते. सभासद वर्गणी भरत, त्या पैशांतून संग्राहक दूरदेशी पाठवले जात आणि आलेले वाळके नमुने सभासदांना वाटले जात. होख्श्टेटरने १८४४ मध्ये शिंपरच्या नमुन्यांवरून या फुलाला असिडँथेरा बायकलर हे नाव दिले. फुलाची नळी इतकी वेगळी की ते ग्लॅडिओलस असेल असे त्याला वाटलेच नाही.

पुढे १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या केलवे रोपवाटिकेने हे झाड म्युरिएली या नावाने बाजारात आणले. इथियोपियातल्या ब्रिटिश वकिलातीशी संबंधित कॅप्टन अर्स्किन यांच्याकडून ते आले होते आणि म्युरिएल हे त्यांच्या पत्नीचे नाव. नंतर शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की नळी कितीही लांब असली तरी हे ग्लॅडिओलसच आहे. पण ग्लॅडिओलस बायकलर हे नाव आधीच दुसऱ्या झाडाला दिलेले. म्हणून १९७३ मध्ये क्यू उद्यानातल्या मारे यांनी कॅलियँथस असे नवे नाव दिले. शेवटी केलवेच्या रोपवाटिकेने दिलेले नाव आधीचे ठरले आणि तेच टिकले. त्यामुळे एकाच कंदाच्या पाकिटावर तीन नावे दिसू शकतात. विकत घेणाऱ्याने गोंधळून जाऊ नये. तिन्ही पाकिटांत एकच माल असतो.

मग बाजारातल्या ग्लॅडिओलसचा वास गेला कुठे? तो संकर करताना मागे राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या बागवानांनी दक्षिण आफ्रिकेतल्या जातींचे संकर सुरू केले. १८२३ मध्ये लंडनजवळच्या चेल्सीतल्या कोल्व्हिल यांच्या रोपवाटिकेत ट्रिस्टिस या रात्री दरवळणाऱ्या जातीचा कार्डिनॅलिस या लाल जातीशी संकर झाला. १८४० च्या सुमारास बेल्जियममधल्या गेंट शहरातून आणखी दणकट, मोठ्या फुलांचे संकर आले आणि आजच्या बाजारी ग्लॅडिओलसचे घराणे मुख्यतः तिथून सुरू झाले. या घराण्यात डॅलेनाय या जातीचा वाटा मोठा आहे. डॅलेनायची फुले लाल-केशरी, जाड आणि भरपूर मधाची असतात आणि त्यांच्यावर शिंजीरवर्गीय पक्षी येतात. पक्ष्याला रंग दिसतो. वासासाठी तो फुलावर येत नाही. म्हणून पक्ष्यांच्या फुलांना बहुधा वास नसतोच. मोठेपणा, रंग आणि टिकाऊपणा यांच्या मागे लागून दीडशे वर्षे निवड होत गेली. सुवास कोणी जाणूनबुजून काढून टाकला असे नाही; त्याच्याकडे पाहणारेच कोणी नव्हते.

तो परत आणण्याचे प्रयत्नही झाले. न्यूझीलंडमधल्या जोन राइट या बाईंनी असिडँथेराचा बागेतल्या ग्लॅडिओलसशी संकर करून ‘लकी स्टार’ हे सुवासिक वाण काढले. काम वाटते तितके सोपे नव्हते. रानटी म्युरिएलीत ३० गुणसूत्रे असतात, तर मोठ्या फुलांच्या बाजारी ग्लॅडिओलसमध्ये साधारण ६०. असा जोडा जमला तरी त्याची संतती बहुधा बी धरण्यात कच्ची निघते आणि पुढची निवड तिथेच अडते. म्हणूनच आजही सुगंधी ग्लॅडिओलस हवा असेल, तर संकरित वाणांपेक्षा रानटी जातीकडे वळणे शहाणपणाचे.

आता कंदाकडे. कांदा उभा चिरला तर पापुद्र्यांवर पापुद्रे निघतात, कारण कांदा म्हणजे रसाळ पानांचा गड्डा. ग्लॅडिओलसचा कंद चिरला तर आत पापुद्रे नसतात. सगळा भाग भरीव, पिठूळ, पांढरट पिवळा. हे फुगलेले खोड आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला दृढकंद म्हणतात. सुरण, अळकुड्या आणि केशराचा कंद हे सगळे याच प्रकारातले. बाहेरून तपकिरी, जाळीदार, सुक्या पानांचे आवरण असते. ते सोलले की अंगावर गोल रेषा दिसतात. प्रत्येक रेषेवर एका पानाची जागा आणि तिथे एक डोळा. वरच्या टोकाला मुख्य कोंब, खाली चपटा, खरबरीत व्रण; तिथे गेल्या वर्षीचा कंद चिकटलेला होता. म्युरिएलीचा विक्रीचा कंद आठ सेंटिमीटर परिघाचा, म्हणजे अडीचएक सेंटिमीटर व्यासाचा; टपोऱ्या सुपारीएवढा. बाजारी ग्लॅडिओलसचा कंद याहून बराच मोठा असतो, त्यामुळे हा पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला यातून मीटरभर उंचीचे झाड येईल यावर विश्वास बसत नाही.

या कंदाची एक रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. लावलेला कंद कधीच परत मिळत नाही. कोंब, पाने आणि फुलाचा दांडा यांना पोसता पोसता तो रिकामा होतो, सुरकुततो आणि वाळून चपटी चकती होऊन राहतो. त्याच्या डोक्यावर, खोडाच्या बुंध्याशी, नवा कंद तयार होतो. फुले येऊन गेल्यावर पानांत जे अन्न तयार होते ते या नव्या कंदात भरले जाते. नवा कंद जुन्याच्या वर बसत असल्याने दरवर्षी तो जमिनीच्या जवळ यायला हवा. तसे होऊ नये म्हणून झाड काही जाडसर, आडव्या सुरकुत्या पडलेली मुळे सोडते. ही मुळे आखडतात आणि कंदाला खाली ओढतात. उपटलेल्या कंदाच्या तळाशी ही मुळे सहज दिसतात. साध्या मुळांहून ती पांढरी आणि फुगीर असतात.

फुले संपली की पाने कापून टाकणारा बागवान पुढच्या वर्षीचा कंद उपाशी ठेवतो, हे यावरून उघड व्हावे. दांडा फुलदाणीसाठी कापायचा तरी झाडावर निदान चार पाने राहिली पाहिजेत. आपल्याकडचे ग्लॅडिओलस उत्पादक शेतकरी हा नियम काटेकोर पाळतात.

लागवडीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मात्र एकाच माहितीत दडलेली आहेत: कंद ज्या मुलखातून आला तिथे पाऊस कधी पडतो? इथियोपियाच्या डोंगराळ भागात मुख्य पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. तिथले लोक त्या ऋतूला किरेम्त म्हणतात. म्युरिएली तिथे आणि दक्षिणेकडे मलावी-मोझांबिकपर्यंत ओलसर गवताळ उतारांवर, पाझरत्या खडकांच्या कडेने वाढते. पाऊस आला की कोंब वर, पावसाच्या अखेरीस फुले, मग कोरड्या महिन्यांत जमिनीखाली विश्रांती. थोडक्यात हे पावसाळी झाड आहे. त्याला वाढीच्या काळात ऊन आणि पाणी दोन्ही एकाच वेळी हवे.

केप टाउनच्या आसपासचा प्रदेश याच्या बरोबर उलट. तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. तिथले ग्लॅडिओलस ट्रिस्टिस आणि फ्रीझिया हे दोन्ही सुवासिक कंद थंडीत वाढतात, वसंतात फुलतात आणि उन्हाळाभर झोपतात. ट्रिस्टिसचे पान आडवे कापले तर अधिकच्या चिन्हासारखा छेद दिसतो. फिकट पिवळी, दिवसा जवळजवळ वास नसलेली फुले रात्री भरभरून दरवळतात. फ्रीझियाचा गोड वास मुख्यतः लिनालूल या द्रव्याचा. हॉलंडमधून ‘उन्हाळी फ्रीझिया’ म्हणून जे कंद येतात ते खरे तर वेळापत्रक फिरवलेले असतात. विक्रेते ते सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानात तीनेक महिने ठेवतात, त्यामुळे त्यांची झोप मोडते आणि वसंतात लावले की उन्हाळ्यात फुलतात. एकदाच. पुढल्या वर्षी ते आपल्या मूळ पंचांगाकडे परततात आणि बागवान समजतो की कंद बिघडला. अशा कंदाला दोष देणे अन्यायाचे आहे.

इंग्लंडमध्ये म्युरिएलीची खरी अडचण वेगळी आहे. तिथे पाऊस बारमाही, पण ऊब थोडीच महिने. एप्रिलमध्ये कुंड्यांत, काचघराच्या उबेत कंद लावायचे, मे अखेरीस दंव संपल्यावर बाहेर काढायचे, तेव्हा कुठे ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात फुले येतात. उन्हाळा गारठलेला गेला तर नुसती पाने येऊन थंडी पडते. फूल उशिरा, थंडी लगेच. नव्या कंदाला भरायला वेळच मिळत नाही. म्हणून तिथले अनेकजण कंद जपून ठेवण्याऐवजी दर वसंतात नवे घेतात. लंडनच्या उपनगरांत किंवा न्यूजर्सीत राहणाऱ्या मराठी घरांना मात्र या वेळापत्रकाचा एक फायदा आहे. एप्रिल-मेमध्ये लावलेल्या कुंडीला फुले येतात ती गणपतीच्या सुमारास. पांढरे, सुवासिक, देठासकट कापता येणारे फूल त्या दिवसांत अंगणातच मिळावे, याहून अधिक काय हवे!

कुंडीसाठी काही गोष्टी पाळाव्या लागतात. एका कंदाने शोभा येत नाही. फूटभर व्यासाच्या कुंडीत आठ-दहा कंद दाटीने लावावेत. खोली दहा ते पंधरा सेंटिमीटर. उथळ लावले तर दांडे वाऱ्याने आडवे होतात. कोंब वर दिसेपर्यंत पाणी बेताचे, पाने हातभर झाली की भरपूर. कुंडी एकदा जरी पूर्ण सुकली तरी कळ्या जागीच करपतात आणि फुलणाऱ्या दांड्याऐवजी कोरडी टोके उरतात. कळीचा दांडा दिसू लागला की पालाशयुक्त खत पंधरा दिवसांतून एकदा. नत्र जास्त झाले तर पाने माजतात. आणि कुंडी ठेवायची ती बसण्या-उठण्याच्या जागेजवळ, कारण वास संध्याकाळचा आहे. अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात ठेवलेल्या कुंडीचा उपयोग फक्त पतंगांना.

महाराष्ट्रात हा कंद अजून क्वचितच दिसतो, आणि हे खरोखर नवल आहे. दख्खनच्या पठाराचा पाऊस आणि इथियोपियाच्या पठाराचा पाऊस यांचे महिने जवळजवळ तेच आहेत. ग्लॅडिओलसची शेती तर पुणे, सातारा, नाशिक, सांगली या भागांत चांगली रुजलेली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले नीलरेखा, फुले तेजस अशी वाणेही दिली आहेत. जून-जुलैत खरिपाची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बीची लागवड होते. सरी-वरंब्यावर कंद, बेणेप्रक्रिया, मातीची भर, काठीचा आधार हे सगळे शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले आहे. तेच ज्ञान बागेतल्या सुगंधी जातीला जसेच्या तसे लागू पडते.

फरक एका ठिकाणी पडतो. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते आणि कंद कुजतात. बागेत लावायचे तर गादीवाफा करावा, मातीत वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. वाफसा आल्यावरच लागवड करावी, चिखलात नाही. कोकणातल्या मुसळधार पावसात उघड्यावर लावण्यापेक्षा पागोळीच्या आत, पण ऊन लागेल अशा जागी कुंडी बरी. लागवडीपासून फुलायला तीन ते चार महिने लागतात. म्हणजे जूनमध्ये लावलेला कंद पावसाच्या शेवटी, सोनटक्का भरात असतो तेव्हा, फुलायला हवा. सोनटक्क्याचा वासही संध्याकाळी वाढतो आणि त्याच्यावरही पतंगच येतात. दोन्ही शेजारी लावून कुणाच्या फुलावर कोण किती वाजता येते ते पाहण्यासारखे आहे.

फ्रीझियासाठी याच बागेत वेगळा नियम. कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावावेत म्हणजे वाढीला थंडीचे महिने मिळतात. पाऊस येण्याआधी ते काढून कोरड्या जागी ठेवलेच पाहिजेत. पावसाळ्यात जमिनीत राहिलेला फ्रीझियाचा कंद कुजतो. ज्या पावसाने म्युरिएली फुलते त्यानेच फ्रीझिया मरते.

शत्रू दोन मोठे. फुलकिडे पानांवर चंदेरी ओरखडे पाडतात आणि कळ्या उमलण्याआधीच वाळवतात. ते कंदावरही दडून राहतात, म्हणून कंद साठवण्याआधी जुने आवरण आणि खालची वाळकी चकती काढून टाकणे हाच पहिला उपाय. दुसरा शत्रू फ्युजेरियम बुरशीची कंदकूज. पाने एका बाजूने पिवळी पडू लागली आणि कंद चिरल्यावर मधोमध तपकिरी गाभा दिसला तर तो कंद जाळावा आणि त्या जागी दोन-तीन वर्षे ग्लॅडिओलस लावू नये. विळ्याने कंद अर्धा चिरून पाहणे जिवावर येते, पण संशय आलेल्या एका कंदाचा बळी देऊन बाकीचे वाचतात.

पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे. फुले संपल्यावर साधारण दीड-दोन महिन्यांनी कंद काढावेत, सावलीत सुकवावेत, माती झटकावी आणि जाळीच्या पिशवीत हवेशीर ठेवावेत. बाजारी ग्लॅडिओलसचे कंद शेतकरी तीनेक महिने शीतगृहात ठेवतात, कारण थंडाव्याने त्यांची सुप्तावस्था मोडते. म्युरिएलीला तेवढा गारवा मानवत नाही; घरातली कोरडी, सावलीची, वारा खेळणारी जागा तिला पुरते. फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवण्याचा मोह टाळावा.

एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. परदेशातून येणारे नातेवाईक सामानात कंदांचे पाकीट टाकून आणतात. हेतू चांगला असतो, पण ते करू नये. लागवडीसाठी आणलेल्या कंदांना २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि मूळ देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. हा नियम कागदापुरता नाही. ग्लॅडिओलसचा तांबेरा, उरोमायसिस ट्रान्सव्हर्सॅलिस, मूळचा आफ्रिकेतला. तो युरोपात गेला, मेक्सिकोत गेला आणि २००६ मध्ये फ्लॉरिडा आणि कॅलिफोर्नियात सापडला. तिथे तो आटोक्यात आणण्यासाठी पिकांवर निर्बंध घालावे लागले. साताऱ्या-सांगलीच्या शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न ज्या पिकावर आहे, त्याला एका पाकिटाने असा रोग लागण्याची जोखीम कुणी का घ्यावी? परवान्याने आणणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेले चार कंदही पुरेसे आहेत, कारण ते वाढतात.

ते वाढतात हे अगदी शब्दशः. कंद काढताना बुंध्याभोवती मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराची बारीक पिल्ले लटकलेली दिसतात. एका झाडाला अशी डझनावारी निघतात. बहुतेक लोक ती मातीबरोबर झटकून टाकतात. ती वेगळी काढून, सुकवून, पुढच्या जूनमध्ये दोन-तीन सेंटिमीटर खोल, ओळीत पेरली तर पहिल्या वर्षी गवतासारखी बारीक पाने येतात आणि जमिनीत छोटा कंद धरतो. त्या वर्षी फुलाची अपेक्षा ठेवू नये. दुसऱ्या पावसाळ्यात कंद भरतो, काहींना दांडा येतो. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत बहुतेक फुलण्याजोगे होतात. पिल्लांचे आवरण कठीण असल्याने उगवण उशिरा आणि अनियमित होते. पेरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवली तर ती लवकर फुटतात.